घरच्या संगणकाची फायरवॉल: बंद न करता हवे तेवढेच उघडण्याची रीत

संगणकावर काहीतरी अडले, घरी बोलावलेला जाणकार आला आणि ‘फायरवॉल बंद करून टाकली आहे, आता चालेल’ असे सांगून निघून गेला, हा अनुभव पुष्कळ घरांना आलेला असतो. छपाई सुरू होते, दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर दिसू लागतो आणि सगळ्यांचे समाधान होते. बंद केलेली फायरवॉल पुन्हा सुरू करण्याची आठवण मात्र कोणालाच राहत नाही. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणारी कोणती जोडणी आत येऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हे ठरवणारा संगणकातला पहारेकरी प्रोग्रॅम. हा लेख संगणकाच्या या भागाकडे आजवर कधी पाहिलेच नाही अशा वाचकांसाठी आहे, आणि त्यातला आग्रह एकच आहे: घरगुती कामासाठी फायरवॉल पूर्ण बंद करावी लागत नाही. कोणते काम अडले आहे, त्याला कोणता रस्ता हवा आहे आणि तो कोणत्या नेटवर्कवर हवा आहे, एवढे शोधून काढले की तेवढाच रस्ता मोकळा करता येतो.

बहुतेक घरांत विंडोज असल्यामुळे विंडोज ११ मधील पायऱ्या येथे सविस्तर दिल्या आहेत. विंडोज १० मध्ये त्या जवळपास तशाच आहेत. बटणांची आणि पर्यायांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

फायरवॉल काय अडवते आणि काय सोडते

नेटवर्कवरून माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट कोणत्या संगणकाकडून निघाले, कोणाकडे चालले आहे आणि तिथल्या कोणत्या पोर्टवर त्याला पोहोचायचे आहे, हे त्याच्यावर नोंदलेले असते. इथे पोर्ट म्हणजे वायर खोचण्याची जागा नव्हे. १ ते ६५,५३५ यांपैकी तो केवळ एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून संगणकाला कळते की आलेले पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमकडे सोपवायचे. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ क्रमांकाचा पोर्ट वापरतात, विंडोजचे फाइल शेअरिंग ४४५ वापरते, आणि दुसऱ्या ठिकाणाहून संगणक चालवण्याची रिमोट डेस्कटॉप ही सोय ३३८९ वापरते.

विंडोजच्या फायरवॉलचा मूळ नियम सोपा आहे. आपल्या संगणकातून बाहेर जाणारी जोडणी ती जाऊ देते, त्या जोडणीला आलेले उत्तर ती आत येऊ देते, आणि आपण न मागता बाहेरून कोणी जोडणी करू पाहिली तर त्यासाठी परवानगीचा नियम नसल्यास ती अडवते. हे नीट लक्षात घेतले तर निम्मे गैरसमज मिटतात. ब्राउझर, ईमेल, बँकेचे संकेतस्थळ किंवा व्हिडिओ पाहणे या सर्व कामांत जोडणी आपल्याकडून सुरू होते, त्यामुळे त्यांच्यासाठी फायरवॉलमध्ये काहीही उघडावे लागत नाही. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर फायरवॉल बंद करण्याचा उपाय कोणी सुचवला, तर आधी केबल, वायफाय आणि राउटर तपासावेत.

न मागता येणारी जोडणी अडवणे एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर इतिहासात आहे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती आपणहून सुरू नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपणहून एका संगणकातून दुसऱ्यात जाणारा घातक प्रोग्रॅम, पसरला. तो १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून थेट संगणकात शिरत असे. वापरणाऱ्याने काही उघडण्याची किंवा कशावर क्लिक करण्याची गरजच नव्हती. संगणक नेटला जोडलेला असणे एवढेच पुरेसे होते. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे मोठे अपडेट, आला आणि तेव्हापासून विंडोजची फायरवॉल मुळातच सुरू असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने हाच धडा पुन्हा दिला. तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात जात होता, आणि ज्या त्रुटीचा तो फायदा घेत होता तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिलेली होती. म्हणून अपडेट आणि फायरवॉल ही जोडी आहे, एकीच्या बदल्यात दुसरी चालत नाही. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने तिथे फायरवॉल चालू असली तरी नव्या त्रुटींचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘घरी राउटर आहे, तोच अडवतो ना?’ असे पुष्कळदा विचारले जाते. राउटर बाहेरच्या बऱ्याच जोडण्या अडवतो, हे खरे आहे. पण त्याच वायफायवरचा पाहुण्यांचा लॅपटॉप, जुना फोन किंवा कॅमेरा तो तुमच्या संगणकापासून सहसा अडवत नाही, आणि लॅपटॉप घराबाहेर गेला की घरच्या राउटरचा उपयोग संपतो. शिवाय यंत्रांना पत्ते देण्याच्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर थेट पोहोचण्याजोगा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. त्यामुळे पूर्वी एका पत्त्यामागे सगळी यंत्रे आपोआप झाकली जात, तसे प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही.

पहिली पायरी: आज स्थिती काय आहे ते पाहणे

स्टार्टचे बटण दाबून इंग्रजीत फायरवॉल हा शब्द टाइप करावा. यादीत ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ दिसेल, ते उघडावे. पडद्यावर तीन नावे एकाखाली एक दिसतील: डोमेन नेटवर्क, प्रायव्हेट नेटवर्क आणि पब्लिक नेटवर्क. प्रत्येकाखाली फायरवॉल सुरू आहे की बंद, हे लिहिलेले असते, आणि या क्षणी आपण ज्यावर आहोत त्याच्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द असतो. तिन्ही ठिकाणी फायरवॉल सुरू असली पाहिजे. कुठे लाल खूण दिसली तर त्या नावावर क्लिक करून आतला खटका सुरू करावा. डोमेन हा प्रकार कार्यालयातल्या, मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या संगणकांसाठी असतो. घरी त्याचा संबंध येत नाही, पण तोही सुरूच ठेवावा.

विकत घेतलेल्या किंवा संगणकासोबत चाचणीपुरत्या आलेल्या अँटिव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असेल, तर विंडोजची बाजूला होते आणि या पडद्यावर त्या उत्पादनाचे नाव दिसते. त्यात वावगे काही नाही. मात्र त्याची मुदत संपल्यावर येथे पुन्हा येऊन, कारभार कोणाकडे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. वापरात नसलेले उत्पादन रीतसर काढून टाकले की विंडोजची फायरवॉल परत ताबा घेते.

दुसरी पायरी: नेटवर्कचा प्रकार ठरवणे

माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत जास्त फरक या एका पायरीने पडतो, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होते. प्रायव्हेट आणि पब्लिक या दोन प्रकारांसाठी फायरवॉलचे नियम वेगवेगळे असतात. प्रायव्हेट म्हणजे ज्या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांवर आपला विश्वास आहे असे, सामान्यतः आपले घर. पब्लिक म्हणजे बाकी सगळे: रेल्वे स्थानक, हॉटेल, महाविद्यालयाचे वसतिगृह, कॅफे, मित्राचे घर आणि आपल्याच फोनचा हॉटस्पॉटसुद्धा. पब्लिकवर आपला संगणक इतरांना दिसत नाही आणि फाइल शेअरिंगचे नियम तिथे सहसा लागू नसतात. विंडोज ११ प्रत्येक नव्या नेटवर्कला आधी पब्लिक मानते, आणि ते योग्यच आहे.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवरचे कौटुंबिक फोटो घरातल्या डेस्कटॉपवर पाहता यावेत म्हणून तिने एक फोल्डर शेअर केला होता. डेस्कटॉपवर तो काही केल्या दिसेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने लॅपटॉपची फायरवॉल तिन्ही ठिकाणी बंद केली, फोल्डर लगेच दिसू लागला आणि विषय संपला. पुढे ती शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहातल्या वायफायवर शंभरेक मुलींचे लॅपटॉप आणि फोन होते, आणि हिचा लॅपटॉप त्या सगळ्यांसाठी आठ महिने उघडा होता. सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी वेगळ्याच कामासाठी तो हाती घेतला आणि तीन लाल खुणा पाहून मनात धस्स झाले. मूळ अडचण शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. घरचे वायफाय पब्लिक म्हणून नोंदलेले होते, त्यामुळे शेअरिंगचे नियम तिथे लागूच नव्हते. घरचे नेटवर्क प्रायव्हेट केले, फायरवॉल तिन्ही ठिकाणी सुरू केली आणि डेस्कटॉपवर जाऊन पाहिले, तर फोल्डर जागच्या जागी होता.

हा बदल करण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ येथे जावे, वायफाय असेल तर जोडलेल्या नेटवर्कचे ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, केबल असेल तर ‘इथरनेट’ उघडावे, आणि ‘नेटवर्क प्रोफाइल टाइप’ या शीर्षकाखाली दोन पर्यायांपैकी एक निवडावा. हे करताना आपण खरोखरच घरच्या वायफायवर आहोत ना, याची खात्री करावी, कारण निवड त्या वेळी जोडलेल्या नेटवर्कपुरतीच नोंदली जाते. फोल्डर किंवा प्रिंटर शेअर करायचा असेल तर त्याच ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यातले ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडून, फक्त प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. पब्लिकखालच्या त्याच दोन गोष्टी बंदच राहू द्याव्यात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. घरात नवा राउटर बसवला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क असते, वायफायचे नाव जुनेच ठेवले तरीही. ते पुन्हा पब्लिक म्हणून नोंदले जाते आणि ‘राउटर बदलल्यापासून प्रिंटर बंद पडला’ अशी तक्रार सुरू होते. बिचाऱ्या प्रिंटरचा त्यात काही दोष नसतो. वरचीच पायरी पुन्हा करावी.

तिसरी पायरी: परवानगीची चौकट समोर आली तर

नवा खेळ, फाइली पाठवण्याचे ॲप किंवा एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला आणि त्याला बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारायच्या असल्या, की विंडोज एक चौकट दाखवते. या ॲपचा काही भाग फायरवॉलने अडवला आहे, त्याला परवानगी द्यायची का, असे ती विचारते. आवृत्तीनुसार तिचे रूप थोडे बदलते. काहींत प्रायव्हेट आणि पब्लिक अशा दोन चौकोनी खुणा लगेच दिसतात, काहींत ‘शो मोअर’ दाबल्यावर दिसतात.

इथे घाई करू नये. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: हा प्रोग्रॅम आत्ता मीच सुरू केला आहे का? नाव ओळखीचे नसेल, किंवा आपण काहीच सुरू केलेले नसताना चौकट आली असेल, तर ‘कॅन्सल’ करून ते काय आहे याचा शोध घ्यावा. ओळखीचा असेल तर दुसरा प्रश्न: दुसऱ्या यंत्राने माझ्या संगणकाशी जोडणी करण्याची खरोखर गरज आहे का? दोन लॅपटॉपमध्ये फाइली पाठवायच्या असतील तर आहे. एकट्याने खेळायच्या खेळाला नसते. गरज असेल तर फक्त प्रायव्हेटवर खूण ठेवून ‘अलाऊ’ दाबावे आणि पब्लिकवरची खूण काढावी.

आता त्या ‘कॅन्सल’विषयी, कारण नवखे लोक हमखास इथेच अडकतात. कॅन्सल दाबणे म्हणजे ‘नंतर बघू’ असे नव्हे. कॅन्सल दाबताच विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवण्याचे नियम तयार करते, बहुधा दोन, एक टीसीपी या प्रकारच्या जोडण्यांसाठी आणि एक यूडीपीसाठी. त्यानंतर चौकट पुन्हा येत नाही. प्रोग्रॅम उघडतो, पण समोरच्या यंत्राला तो सापडत नाही, आणि माणूस ॲप काढून पुन्हा टाकत बसतो. ते नियम शोधून काढेपर्यंत काहीही बदलत नाही. शोधायचे कुठे, ते पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: परवानगी दिलेल्यांची यादी

‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’च्या त्याच पडद्यावर खाली ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ हा दुवा आहे. त्यात परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमची यादी आणि प्रत्येकापुढे प्रायव्हेट व पब्लिक असे दोन रकाने असतात. बदल करण्यासाठी आधी ‘चेंज सेटिंग्ज’ दाबावे लागते आणि त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. घरातल्या मुलांसाठी साधे, अधिकार नसलेले खाते ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.

यादी लांबलचक असते आणि त्यात विंडोजच्या स्वतःच्या अनेक नोंदी असतात. त्यांना हात लावू नये. आपण स्वतः टाकलेल्या प्रोग्रॅमची नावे तेवढी पाहावीत, आणि ज्यांच्या पब्लिक रकान्यात खूण आहे त्यांची ती काढून टाकावी. महिनाभरात कोणतेही काम अडले नाही, तर तिथे ती खूण असण्याची गरज नव्हती.

पाचवी पायरी: स्वतःचा नियम लिहिणे

बहुतेकांचे काम चौथ्या पायरीवर संपते. पुढचा भाग ज्यांना एखादा विशिष्ट पोर्ट उघडायचा आहे त्यांच्यासाठी. एक खरे उदाहरण घेऊ. संकेतस्थळ बनवायला शिकणारा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणारा छोटा सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पाने पुरवणारा प्रोग्रॅम, सुरू करतो. तो मुळात ८००० क्रमांकाचा पोर्ट वापरतो. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पान छान दिसते, पण फोनवर कसे दिसेल हे पाहायला गेले की फोनचा ब्राउझर नुसता फिरत राहतो. कारण स्पष्ट आहे: फोनकडून येणारी जोडणी लॅपटॉपने मागितलेली नाही.

नियम लिहिण्याआधी असलेल्या नियमांची प्रत काढून ठेवावी. ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’च्या पडद्यावर तळाशी ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ आहे, ते उघडावे. नव्या खिडकीत डावीकडे सर्वांत वर फायरवॉलचे नाव असते. त्यावर उजवे क्लिक करून ‘एक्सपोर्ट पॉलिसी’ निवडावे आणि फाइलच्या नावात तारीख घालून ती जपून ठेवावी. पुढे काही बिघडले तर त्याच ठिकाणच्या ‘इम्पोर्ट पॉलिसी’ने सगळे त्या दिवसासारखे होते. मधल्या काळात केलेले नियम मात्र पुसले जातात, हे ध्यानात ठेवावे.

आता डावीकडे ‘इनबाउंड रूल्स’वर क्लिक करावे. मध्ये यादी येते. हिरवी खूण म्हणजे लागू असलेला परवानगीचा नियम, लाल खूण म्हणजे अडवण्याचा नियम, आणि करड्या रंगातले नियम लिहिलेले असले तरी लागू नसतात. उजवीकडे ‘न्यू रूल’ दाबावे. कशाचा नियम, असे विचारल्यावर ‘पोर्ट’ निवडावे. पुढे ‘टीसीपी’ ठेवून ‘स्पेसिफिक लोकल पोर्ट्स’पुढे फक्त ८००० लिहावे, अर्थात इंग्रजी आकड्यांत. ‘ऑल लोकल पोर्ट्स’ हा पर्याय चुकूनही घेऊ नये, कारण तो घेणे म्हणजे फायरवॉल बंद करण्याच्या अगदी जवळ जाणे. पुढच्या पानावर ‘अलाऊ द कनेक्शन’, आणि त्यानंतरच्या पानावर डोमेन आणि पब्लिकवरच्या खुणा काढून फक्त प्रायव्हेट ठेवावे. शेवटी नाव विचारले जाते. इथे आळस करू नये. ‘सराव सर्व्हर ८०००, फोनवर पाहण्यासाठी’ असे पूर्ण नाव आणि वर्णनात आजची तारीख लिहावी. सहा महिन्यांनी ‘टेस्ट’ नावाचे चार नियम समोर आले की कोणता कशासाठी होता हे आठवत नाही, आणि भीतीपोटी चारही तसेच राहतात.

आणखी एक कुंपण घालता येते. तयार झालेल्या नियमावर दोनदा क्लिक करून ‘स्कोप’ या भागात जावे, आणि खालच्या ‘रिमोट आयपी ॲड्रेस’मध्ये ‘लोकल सबनेट’ हा ठरलेला पर्याय टाकावा. मग घरच्या नेटवर्कवरचीच यंत्रे त्या पोर्टपर्यंत येऊ शकतात, बाहेरून कोणी नाही.

तपासण्यासाठी वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लॅपटॉपचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवर त्याला मिळालेला क्रमांक, पाहावा. समजा तो १९२.१६८.१.५ आहे, तर त्याच वायफायवर असलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग ८००० असे लिहावे. पान दिसले पाहिजे.

नाही दिसले तर? मी अशा वेळी सर्वांत आधी पायथनच्या नावाचे लाल नियम शोधतो, कारण तिसऱ्या पायरीतली चौकट बहुधा आधीच कधीतरी येऊन गेलेली असते आणि कॅन्सल दाबले गेलेले असते. विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी आणि मनाई अशा दोन्ही नियमांत एकच जोडणी बसत असेल, तर मनाई जिंकते. त्यामुळे ८००० उघडणारा हिरवा नियम कितीही बिनचूक असला, तरी पायथनला अडवणारा लाल नियम त्याच्यावर मात करतो. ‘इनबाउंड रूल्स’च्या यादीत वर नावाच्या रकान्यावर क्लिक केले की नावे अकारविल्हे लागतात, पायथनच्या लाल नोंदी निवडून ‘डिलीट’ कराव्यात आणि फोनवर पान पुन्हा उघडावे. लाल नियम नसेल तर फोन पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर तर नाही ना, आणि लॅपटॉपचे नेटवर्क प्रायव्हेटच आहे ना, हे पाहावे.

सराव संपला की नियमावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल रूल’ करावे. नियम तसाच राहतो, फक्त लागू होत नाही, आणि पुन्हा हवा तेव्हा एका क्लिकने सुरू होतो.

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे काय

‘आउटबाउंड रूल्स’मध्ये एखाद्या प्रोग्रॅमला नेटवर जाण्यापासून रोखता येते. पद्धत वरचीच आहे, फक्त ‘पोर्ट’ऐवजी ‘प्रोग्रॅम’ निवडून त्याची फाइल दाखवायची आणि ‘ब्लॉक द कनेक्शन’ घ्यायचे. नवख्यांनी याच्या फार मागे लागू नये, असे मला वाटते. विंडोजच्या स्वतःच्या सेवा चुकून अडवल्या तर अपडेट बंद पडतात, आणि काही ॲप प्रत्येक अपडेटला नव्या फोल्डरमध्ये जात असल्यामुळे जुना नियम निरुपयोगी ठरतो.

नेमके काय अडते आहे, हे कळत नसेल तर

अंदाज करण्यापेक्षा नोंदवही उघडावी. ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’च्या खिडकीत वरच्या नावावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ घ्यावे, ‘प्रायव्हेट प्रोफाइल’च्या पानावर ‘लॉगिंग’समोरचे ‘कस्टमाइझ’ दाबावे आणि ‘लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स’ला ‘येस’ करावे. नोंदीची फाइल कुठे तयार होते, हे त्याच चौकटीत दिसते. तिची कमाल मर्यादा मुळात ४,०९६ केबी असते, आणि ती कामापुरती पुरते. मग अडलेले काम पुन्हा एकदा करून पाहावे आणि प्रशासकाच्या अधिकाराने नोटपॅड उघडून त्यात ती फाइल पाहावी.

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, ‘ड्रॉप’ हा शब्द, जोडणीचा प्रकार, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोघांचे पोर्ट या क्रमाने असतात. एखाद्या ओळीत टीसीपी, मग १९२.१६८.१.७, मग आपल्या संगणकाचा १९२.१६८.१.५ आणि नंतरच्या पोर्टच्या आकड्यांत ४४५ दिसले, तर अर्थ सरळ आहे: घरातला .७ हा संगणक आपल्या शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत येऊ पाहत होता आणि त्याला अडवले गेले. म्हणजे पाहायचे ते प्रायव्हेटवरचे फाइल शेअरिंग. फाइलीत आपल्या कामाच्या वेळची एकही ओळ नसेल, तर अडथळा फायरवॉलचा नसण्याचीच शक्यता जास्त, आणि शोध दुसरीकडे न्यावा. काम झाल्यावर नोंद पुन्हा बंद केली तरी चालते.

सगळाच गोंधळ झाला असेल तर पहिल्या पडद्यावर ‘रिस्टोर फायरवॉल्स टू डिफॉल्ट’ आहे. त्याने आपण घातलेले सर्व नियम जाऊन विंडोज नवे असतानाचे नियम येतात. फायरवॉल बंद करण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. आणि उलट टोकाची सोयही आहे: अनोळखी, संशयास्पद नेटवर्कवर काम करावेच लागले, तर ‘पब्लिक नेटवर्क’च्या आत ‘इनकमिंग कनेक्शन्स’खालच्या चौकोनावर खूण करावी. तेवढा वेळ परवानगीच्या यादीतल्या प्रोग्रॅमनासुद्धा बाहेरून कोणी जोडले जाऊ शकत नाही, आणि आपले ब्राउझिंग मात्र चालू राहते.

मॅक आणि लिनक्स

ॲपलच्या मॅकवर फायरवॉल मुळात बंद असते, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क’ आणि त्यात ‘फायरवॉल’ येथे ती सुरू करावी. ती पोर्टऐवजी ॲपनुसार परवानगी देते आणि फक्त आत येणाऱ्या जोडण्यांकडे पाहते. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकारात यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचे साधन आधीच बसवलेले असते, पण तेही सुरू करावे लागते. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर जीयूएफडब्ल्यू हे त्याचे खिडकीचे रूप घेता येते.

फायरवॉलच्या हाती नसलेली गोष्ट

बँकेतून बोलतो आहे असे सांगून कोणी पडदा दाखवणारे ॲप टाकायला लावले, तर फायरवॉल ते थांबवत नाही. ते ॲप आपल्याच संगणकातून बाहेर जोडणी करते, आणि बाहेर जाणारी जोडणी फायरवॉल सोडते, हे आपण सुरुवातीलाच पाहिले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस किंवा ईमेलमधली बनावट लिंक यांबाबतही फायरवॉलवर विसंबता येत नाही. ती कामे अँटिव्हायरसची आणि आपल्या सावधपणाची.

तीन-चार महिन्यांनी एकदा, आणि लॅपटॉप दुरुस्तीहून परत आला की लगेच, पहिल्या पायरीतला पडदा उघडून तिन्ही खुणा हिरव्या आहेत ना ते पाहावे. मग ‘इनबाउंड रूल्स’मध्ये काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचे नियम मागे राहिले असतील तर ते पुसावेत, आणि नव्या तारखेने पॉलिसीची फाइल पुन्हा काढून ठेवावी. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात.